७ फूट २ इंचांची रेघ

आमच्या बास्केटबॉल कोर्टाला लागून सामानाची खोली आहे. बॉल, जाळ्या, कोन, मोडकी बाकं, सगळं तिथंच. त्या खोलीच्या भिंतीवर २०१५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मी लाल ऑइल पेंटनं एक आडवी रेघ मारली. जमिनीपासून बरोबर ७ फूट २ इंच. शेजारी नाव लिहिलं, सतनाम. पुढं कितीतरी दिवस कोर्टावर येणारं प्रत्येक पोरगं आधी त्या भिंतीशी जायचं, पाठ टेकवून उभं राहायचं आणि शेजारच्याला विचारायचं, "किती कमी पडून राहिलो बे?"

हे प्रकरण त्या रेघेचं आहे. उन्हाळी शिबिराआधी नव्या प्रशिक्षकांना घेऊन आम्ही दोन दिवस बसतो, तेव्हा मी ते मांडतो. प्रश्न एकच ठेवतो: सतनाम सिंग भमरा या पंजाबच्या ७ फूट २ इंची बास्केटबॉलपटूला देशानं जेवढं डोक्यावर घेतलं, तेवढा त्याचा खेळ होता का? पाच मिनिटांत खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगं फुकट चढवलं. दुसरा म्हणतो, तुमच्यापैकी कोणाला एनबीएनं, अमेरिकेतल्या त्या मोठ्या बास्केटबॉल लीगनं, विचारलंय का? दोघांचंही मला अर्धंच पटतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

ती सकाळ

एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, झाला २५ जून २०१५ च्या रात्री, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची सकाळ. उन्हाळा सरलेला, पाऊस अजून भरवशाचा नाही, हवेत ती नागपुरी घुसमट. मी कोर्टावर पोचलो तर एकही पोरगं धावत नव्हतं. सगळी एका मोबाइलभोवती. एकानं मान वर केली. "सर, आपला पोरगा एनबीएत गेला!"

आपला. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के हे गाव आमच्यापैकी कोणी नकाशात पाहिलं नव्हतं. पण शब्द बरोबर होता, आणि मलाही तसंच वाटलं. त्या दिवशीचे तर्री पोहे माझ्याकडून होते. संध्याकाळी रंगाचा डबा आणला.

आता जे घडलं ते नीट सांगतो, कारण त्या सकाळी आम्ही ते नीट वाचलं नव्हतं. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीनं मिळून ६० खेळाडू निवडतात. सतनामला डलास मॅव्हरिक्सनं ५२ वा निवडला. भारतात जन्मलेला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. वय १९, घर शेतकऱ्याचं, कॉलेजचा एकही सामना न खेळता थेट आलेला. इथवर शंभर टक्के खरं.

पण निवडला जाणं आणि संघात असणं यात फरक असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पक्का करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला, म्हणजे ३१ ते ६० मधल्याला, फक्त एवढं मिळतं की त्याच्याशी बोलण्याचा हक्क एका संघाकडे राहतो. गावात म्हणतात तसं, मुलगी पाहून झाली, लग्नाची तारीख धरलेली नाही. आमच्या पोरांनी, आमच्या पेपरांनी आणि मी, तिघांनीही वरात काढली.

पुढचं थोडक्यात. लास वेगासला समर लीग, म्हणजे नव्या पोरांना आजमावायचे उन्हाळी सामने. मग डलासजवळच्या फ्रिस्को गावात टेक्सस लेजंड्स हा त्यांचा खालच्या लीगमधला संघ, तिथं दोन मोसम, बहुतेक वेळ बाकावर. एनबीएच्या सामन्यात एक मिनिटही नाही. २०१८-१९ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन्स एज संघाकडून काही सामने. नोव्हेंबर २०१९ मधल्या चाचणीत हायजेनामाइन हा प्रतिबंधित घटक सापडला आणि नाडा या आपल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं दोन वर्षांची बंदी घातली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एईडब्ल्यू या व्यावसायिक कुस्ती कंपनीनं त्याला घेतलं, आणि २०२२ मध्ये तो तिथं रिंगणात उतरला.

डलासमधली रिकामी जागा

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग सतनामचा नाहीच, त्याच्या संघाचा आहे. तरुण प्रशिक्षकांना तो मी सावकाश सांगतो.

ड्राफ्ट झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत डलासकडे सेंटरच, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच माणूसच, उरला नाही. टायसन चँडलर फिनिक्सला गेला. त्याच्या जागी लॉस एंजेलिस क्लिपर्सचा डीआंद्रे जॉर्डन येणार होता, तोंडी होकारही झाला होता, आणि ऐन वेळी तो फिरला. जुन्याच संघात राहिला. म्हणजे अमेरिकेतल्या ज्या एका संघाच्या हातात सतनामचे हक्क होते, त्याच संघाला त्याच महिन्यात उंच माणसाची सगळ्यात जास्त निकड होती. अशी संधी जन्मात एकदा चालून येते.

डलासनं काय केलं? मिलवॉकीकडून झाझा पाचुलिया आणला. रिअल माद्रिदहून सालाह मेजरी आणला. जावेल मॅगीशी करार केला. सतनामला फ्रिस्कोला ठेवला.

पाचुलिया जॉर्जियाचा, मेजरी ट्युनिशियाचा. दोघंही आपापल्या देशात सतनामसारखेच लाडके. मेजरीची गोष्ट तर इथं फारच उपयोगी आहे. त्याला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. तो ट्युनिशियाकडून खेळत राहिला, २०११ च्या आफ्रिकन अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला, युरोपातल्या क्लबांकडूनही खेळला, आणि २९ व्या वर्षी एनबीएत उतरणारा पहिला ट्युनिशियन झाला. त्याचंही बिरुद ‘पहिला’च. पण त्याच्या पहिलेपणामागं मोठ्या माणसांशी झुंजलेल्या शेकडो सामन्यांची मिनिटं होती.

सतनामकडे ती मिनिटं नव्हती, आणि हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. लुधियानाच्या अकादमीत तो लहानपणीच आला. २०१० मध्ये, १४ व्या वर्षी, रिलायन्स आणि आयएमजीच्या शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीत गेला. भाषा येत नाही, जेवण वेगळं, घर सात समुद्रांपलीकडं. तिथं तो टिकला, याचं मला आजही मनापासून कौतुक आहे. तिथली पाच वर्षं मात्र शालेय वयाच्या पोरांशी खेळण्यात गेली. आणि इकडं त्याला परत येऊन खेळायला लीग तरी कुठं होती? यूबीए नावाची व्यावसायिक लीग इथं सुरू झाली तीच मुळी २०१५ मध्ये, आणि काही मोसमांत बंद पडली. त्याच वर्षी आपल्या बास्केटबॉल फेडरेशनचे दोन गट पडून खरी फेडरेशन कुठली यावर भांडत होते. ज्या वर्षी आपण जगाला सतनाम दाखवत होतो, त्या वर्षी आपलं घर असं होतं.

खांब

आता खेळाचं बोलू. वर्गात इथं मी खडू घेऊन फळ्याशी जातो, कारण ‘टॅलेंट’ हा शब्द हवेत ठेवला की जो तो आपल्याला हवा तसा वापरतो.

आपण फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांनी खेळतो. हल्ला करणाऱ्याला रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. बचाव करणाऱ्याला तशी अट नाही. म्हणून आपल्या आंतरशालेय स्पर्धेत काय होतं? ज्या शाळेकडे साडेसहा फुटी पोरगा, ती शाळा त्याला रिंगखाली खांबासारखा उभा करते. हात वर, पाय जमिनीला चिकटलेले. समोरची पोरं लेअपला, म्हणजे धावत येऊन रिंगपाशी बॉल टाकायला, येतात आणि त्या हातांवर आपटतात. सामना खिशात.

एनबीएत २००१-०२ च्या मोसमापासून बचाव करणाऱ्यालाही तीच तीन सेकंदांची अट आहे. हाताच्या अंतरावर समोरचा माणूस नसेल तर चौकोनात थांबायचं नाही. थांबलात तर समोरच्यांना एक फ्री थ्रो, शिवाय बॉल त्यांच्याकडेच राहतो. म्हणजे खांबाला तिथं जागाच नाही. उंच माणसाला बाहेर यावंच लागतं. बाहेर आला की बॉल खेळवणारा चपळ गार्ड स्क्रीनला, म्हणजे सोबत्यानं उभं राहून केलेल्या आडोशाला, घासून येतो, आणि क्षणात सात फुटी माणसापुढं सहा फुटी पाखरू उभं राहतं. मागं थांबलात तर ते लांबून शॉट मारतं. पुढं सरसावलात तर बगलेतून भुर्र. इथं लागतात पाय. कंबर खाली ठेवून आडवं सरकणं, थांबणं, पुन्हा वळून रिंगकडं पळणं, आणि हे एका रात्रीत साठ-सत्तर वेळा.

सतनामचे व्हिडिओ मी तेव्हा पाहिले होते, नंतर पुन्हा पुन्हा पाहिले. हात मऊ होते. पास चांगला जायचा. रिंगपासून दहा-बारा फुटांवरचा शॉट त्या उंचीच्या माणसासाठी बराच बरा होता. पाय जड होते. वर्गात कोणी विचारलं की त्याच्यात टॅलेंट होतं का, तर मी म्हणतो, होतं, पण ज्या खेळासाठी होतं तो खेळ संपत आला होता.

संपत आला होता, हे मी उगाच म्हणत नाही. त्याच महिन्यात एनबीएची अंतिम मालिका झाली. क्लीव्हलँडविरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ असे मागं होते. चौथ्या सामन्यात त्यांनी आपला सात फुटी सेंटर अँड्रू बोगट सुरुवातीच्या पाचातून काढला आणि साडेसहा फुटी आंद्रे इगुओडाला आत घेतला. तो धरून तिन्ही सामने जिंकले. १६ जूनला चषक. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच इगुओडाला. आणि बरोबर नऊ दिवसांनी आपण ७ फूट २ इंचांचा उत्सव करत होतो. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलेला लॅटव्हियाचा क्रिस्टाप्स पोर्झिंगिस सतनामपेक्षाही उंच, पण तो थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, मारणारा. डलासचा देव डर्क नोवित्स्की, तोही सात फुटी आणि लांबून मारणारा. उंची कोणालाच नकोशी झाली नव्हती, फक्त नुसत्या उंचीचे दिवस सरले होते.

५२ म्हणजे काय

इथं एखादा वाचलेला पोरगा हात वर करतो आणि म्हणतो, सर, ड्राफ्टच्या नंबरवर काय ठेवलंय? निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा होता. मनू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा. आयझेया थॉमस २०११ मध्ये शेवटचा, ६० वा.

बरोबर आहे. मी त्याला पुढचं विचारतो: मग निवड झाल्यावर योकिच कुठं होता? आणखी एक वर्ष सर्बियात खेळत होता. जिनोबिली? २००२ पर्यंत इटलीत. ज्या संघानं निवडलं त्यांनी त्यांना सोडून दिलं, जा, मोठ्यांशी खेळ, मग ये. मधली पायरी त्यांना कोणी कमीपणाची म्हटली नाही.

आपल्याकडच्या कौतुकानं नेमकी ही पायरी काढून घेतली, असं माझं मत आहे. एकदा देशानं ‘एनबीए’ म्हटलं की त्याखालचं सगळं पराभव. लेजंड्समध्ये बसला की ‘अजून बसूनच आहे’. कॅनडात गेला की ‘कॅनडात?’ आमच्या कोर्टावरच्या पोरांनी हेच शब्द वापरले होते. तेच २०१७ मध्ये अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळायला लागला, तेव्हा कोणी ‘नुसतं ऑस्ट्रेलिया?’ म्हणालं नाही. म्हणायला बातमी माहीत हवी ना.

अमृतपालवरून आठवलं. जुलै २०१४, चीनमधलं वुहान, आशिया चषक. भारतानं चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असं हरवलं. कर्णधार विशेष भृगुवंशी, सोबत अमृतपाल, अमज्योत. माझ्या उभ्या आयुष्यात भारतीय बास्केटबॉलचा याहून मोठा दिवस मी पाहिला नाही. आमच्या कोर्टावर त्या दिवशी कोणी पोहे वाटले नाहीत. मीसुद्धा नाही. भिंतीवर ६५-५८ असं लिहावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. का? तो विचार मी अजून करतो. बहुतेक असं असावं, की सांघिक बचावाची रेघ भिंतीवर ओढता येत नाही. उंचीची येते.

याओ, झाझा आणि अर्धं मत

त्या वेळी सतनामला ‘भारताचा याओ मिंग’ म्हणायची फॅशन होती. तुलना उंचीपुरतीच खरी. याओची आई फांग फेंगडी चीनच्या राष्ट्रीय संघाची कर्णधार, वडीलही खेळाडू. १७ व्या वर्षी तो शांघाय शार्क्सच्या मोठ्या संघात आला, पाच मोसम खेळला, २००२ मध्ये चिनी लीग जिंकली आणि मग पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनला गेला. कारकिर्दीची सरासरी सामन्याला १९ गुण. त्याच्यावरचं प्रेम त्यानं कोर्टावर फेडलं.

पण त्याच्याबाबतीतही लोकांचं प्रेम खेळापुढं धावलंच. २०१०-११ मध्ये दुखापतीमुळं तो पाचच सामने खेळला, तरी चाहत्यांनी ऑल-स्टार सामन्याच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, पहिल्या पाचात त्यालाच निवडून दिला. पुढचा नंबर आपल्या ओळखीच्या झाझाचा. २०१६ च्या मतदानात, म्हणजे डलासच्या त्याच मोसमात, जॉर्जियाच्या लोकांनी आणि इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी मिळून पाचुलियाला एवढी मतं दिली की पहिल्या पाचातल्या जागेसाठी तो कवाय लेनर्डपेक्षा सुमारे १४ हजारच मतांनी मागं राहिला. झाझा मेहनती, धसमुसळा, कामाचा सेंटर. पण ऑल-स्टार? त्यानं स्वतःही तसा दावा केला नसता.

एनबीएनं काय केलं? पुढच्या वर्षी नियम बदलला. चाहत्यांच्या मताला निम्मं वजन, खेळाडूंच्या मताला पाव, पत्रकारांच्या मताला पाव. लोकांना गप्प बसवलं नाही, फक्त त्यांच्या शेजारी जाणकार बसवले.

मला हे भारी आवडतं. वर्गात मी तोच हिशोब सतनामला लावायला सांगतो. चाहत्यांचे ५० पैकी किती? पोरं ओरडतात, पन्नास! पत्रकारांचे २५ पैकी? २०१५ मध्ये पंचवीस, पुढं त्याच्यावर माहितीपटही निघाला. आता खेळाडूंचे. त्याच्याशी ज्यांना रोज सरावाला भिडायचं होतं, त्यांनी किती दिले असते? इथं खोली गप्प होते. ते मत आपल्याकडं कोणी मागितलंच नव्हतं.

मॅडमचा मुद्दा

गेल्या वर्षीच्या वर्गात एका शाळेतल्या क्रीडाशिक्षिका होत्या. शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही बाजारात भाव विचारल्यासारखं बोलून राहिले. एवढं टॅलेंट, एवढं कौतुक. कौतुक काय बक्षीस असते का? त्या जुलैत तुमच्याकडं किती पोरं आली ते सांगा."

आली होती. फॉर्म संपले, पुन्हा छापून आणावे लागले. ज्या घरात बास्केटबॉल म्हणजे ‘उंची वाढायला बरं’ एवढंच होतं, त्या घरातले बाप पोराचा हात धरून आले. मॅडमचं मी मान्य केलं, आणि अजून करतो. लोक पहिल्या माणसाला हार घालतात ते त्यानं उघडलेल्या दारासाठी. आपल्याकडंच पाहा. २०११ मध्ये उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. तेव्हा नागपुरानं त्याला जे डोक्यावर घेतलं ते काय बळी मोजून घेतलं होतं? १७० कसोटी बळी नंतर आले. हार आधी पडला होता.

पण मॅडमना मी उलट हेही म्हणालो, की उमेशला हार पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात बॉल होता. रणजी होती, नेट होतं, चुकलं तर सांगणारा प्रशिक्षक होता. हार घालून झाल्यावर सगळे घरी गेले तरी तो खेळत राहू शकत होता. सतनामच्या मागं फक्त हार होता.

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, सांगता येत नाही.

आमचं पोरगं

आता माझी चूक. हे प्रकरण मी शिकवतो ते तिच्यामुळंच.

त्या जुलैत जी पोरं आली त्यात एक होता. वय १४, उंची तेव्हाच ६ फूट ३. वडील ऑटो चालवायचे. त्यांनी पोराला माझ्यापुढं उभं केलं आणि भिंतीवरच्या रेघेकडं बोट दाखवलं. "सर, याले तिथवर न्या. बाकी आमचं आमी पाहू."

मी त्याला त्याच दिवशी रिंगखाली उभा केला. हात वर. दोन वर्षं तो तिथंच होता. ड्रिबल शिकवला नाही, कारण उंच पोरानं ड्रिबल कशाला करायचा? बाहेरून शॉट मारला की मी ओरडायचो, "आत! आत!" शालेय स्पर्धा आम्ही जिंकत होतो. पेपरात फोटो यायचा. एका पत्रकारानं ‘नागपूरचा सतनाम’ असा मथळा दिला, तो कापून मी खोलीत चिकटवला. सोळाव्या वर्षी ६ फूट ६ वर त्याची उंची थांबली. राज्य संघाच्या निवड चाचणीला गेलो तर तिथं त्याच्याएवढी चार पोरं होती, आणि चौघांनाही पळत पळत दोन्ही हातांनी बॉल खेळवता येत होता. निवड समितीतल्या एका जुन्या खेळाडूनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हा डिफेन्सला कोणाला धरतो?"

मी म्हणालो, "सेंटरला."

"अन् सेंटर बाहेर आला तर?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ट्रेनमध्ये येताना पोरगा खिडकीशी बसला होता. वर्धा गेलं, सेवाग्राम गेलं, आणि मग त्यानं विचारलं, "सर, मी अजून वाढीन का?" त्याच्या डोक्यात प्रश्न उंचीचाच होता. तो मीच घातला होता, लाल रंगात.

सतनामच्या खेळाची मापं मी काढतो तेव्हा हे विसरत नाही. एवढ्या मोठ्या देशानं एका पोराकडं पाहून जे केलं, तेच मी एका कोर्टावर केलं होतं. प्रेम होतं, खोटेपणा नव्हता. त्याला काय येतं हे विचारायच्या आधी तो केवढा आहे ते विचारलं, एवढंच.

म्हणून वर्गात माझा निकाल विचारतात तेव्हा मी दोन तुकड्यांत देतो. सतनामचा खेळ त्या कौतुकाएवढा नव्हता. ५२ हा आकडाच ते सांगत होता आणि तो पेपरात छापलेलाही होता. पण बल्लो के ते ब्रॅडेंटन ते ब्रुकलिन हा प्रवास कौतुकाचाच होता, आणि त्या कौतुकाला ‘टॅलेंट’ हे नाव आपण दिलं, त्यानं नाही. पुढं त्याच नावाची वसुली त्याच्याकडून झाली. कोरोनानंतर कोर्ट उघडलं तेव्हा भिंतीवरच्या त्याच्या नावावर कोणीतरी काळ्या मार्करनं फुली मारलेली होती. बंदीची बातमी येऊन थोडेच दिवस झाले होते. उंची मोजायला तिथं पाठ टेकवून उभी राहिलेलीच पोरं ती.

मी रेघ पुसली नाही. फुली पुसली. नाव तसंच आहे, फिकं झालंय.

आमचं ते पोरगं आता नोकरीला लागलंय, रविवारी सकाळी खेळायला येतं. सोबत लहान पोरं असतात. चाचणीहून परतल्यावर त्यानं हट्टानं ड्रिबल शिकून घेतला, माझ्याकडून नाही, त्याच्यापेक्षा फूटभर ठेंगण्या गार्डकडून. आता रिंगखाली फिरकतच नाही. थ्रीच्या रेघेबाहेर उभा राहून बॉल मागतो. मी बाकावरून अजून ओरडतो, "अरे, आत जा ना!" तो ऐकू न आल्यासारखं करतो आणि मारतो.